टाकीला टेकवलेली शिडी का निसटते? घरासाठी आणि कामासाठी शिडी घेताना आधी हे बघा

छत्रपती संभाजीनगरच्या घरांमध्ये सणवार एकवेळ विसरले जातील, पण पाण्याचा दिवस विसरला जात नाही. जायकवाडीचं धरण शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. तरीही वर्षानुवर्षं नळाला पाणी आलं ते काही दिवसांच्या अंतरानेच. नव्या पाणीपुरवठा योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं, तेव्हा तिचा आकडा १,६८० कोटींचा होता. पुढे तो २,७४० कोटींवर गेला. या सगळ्या काळात शहराने आपल्यापुरता एक उपाय शोधून ठेवला, तो म्हणजे गच्चीवरची टाकी. कुणाकडे एक, कुणाकडे तीन.

आणि टाकी आली की शिडी आली.

ही टाकी बहुतेक घरांत नुसत्या गच्चीवर नसते. प्रेशर मिळावं म्हणून ती जिन्याच्या खोलीच्या स्लॅबवर किंवा लोखंडी स्टँडवर चढवलेली असते. म्हणजे गच्चीवरून आणखी आठ-दहा फूट वर. पाणी आलं की मोटार लावायची, वर जाऊन टाकी कितपत भरली ते बघायचं, झाकण लावायचं, मधेच कधीतरी टाकी धुवायची. त्यासाठी घरात जी कुठली शिडी असेल ती उचलायची, टाकीला टेकवायची आणि चढायचं. खाली कुणीतरी 'धरलंय, चढा' म्हणतं आणि त्याच वेळी मोबाइल बघत असतं.

ही शिडी निसटते, तेव्हा दोष घाईला दिला जातो. घाई असतेच, पण त्याच्याही आधी चूक झालेली असते. ती शिडी त्या कामाची नसते, किंवा ती चुकीच्या जागी टेकवलेली असते.

रिकामी टाकी म्हणजे भिंत नव्हे

हजार लिटरची टाकी भरलेली असते तेव्हा आतल्या पाण्याचंच वजन एक टन असतं. ती हलत नाही. पण आपण वर चढतो कधी? पाणी येणार असतं तेव्हा किंवा टाकी धुवायची असते तेव्हा, म्हणजे टाकी जवळपास रिकामी असताना. रिकामी प्लॅस्टिकची टाकी दोन माणसं सहज उचलतात. अशा टाकीला सत्तर किलोच्या माणसाने शिडी टेकवली, तर शिडीच्या वरच्या टोकाचा रेटा ती टाकी मागे सरकवू शकतो.

दुसरी अडचण आकाराची. शिडीला दोन बाजूचे खांब असतात आणि ते दोन्ही सपाट पृष्ठभागावर टेकले तरच शिडी आडवी फिरत नाही. गोल टाकीवर हे खांब टेकतच नाहीत. वरचा एक दांडा मधोमध एका जागी टेकतो आणि त्या एका बिंदूवर शिडी डावी-उजवी फिरायला मोकळी राहते. झाकणाकडे हात लांबवला की वजन एका बाजूला जातं, आणि शिडी फिरते.

तिसरी गोष्ट ओल. टाकी भरून वाहायला लागली की कुणीतरी धावत कॉक बंद करायला वर जातं. म्हणजे शिडीखालची फरशी ओली होते नेमकी तेव्हाच शिडीची सगळ्यात जास्त घाई असते. त्यात पाणी रात्री-अपरात्री आलं तर गच्चीवर उजेडही नसतो.

आणि शेवटची गोष्ट सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. गच्चीचा कठडा तीन-साडेतीन फुटांचा असतो. माणूस जर सहा फुटांवर उभा असेल आणि शिडी कठड्याच्या जवळ असेल, तर तो कठडा त्याच्या पायांच्याही खाली राहतो. मग पडणं सहा फुटांवरून होत नाही. खाली दोन मजले असतील, तर ते दोन मजल्यांवरून होतं. शिडी किती फुटांची आहे यापेक्षा ती कुठे उभी आहे, हे आधी बघायचं ते याचसाठी.

साध्या गणिताने बघितलं तर दहा फुटांवरून सुटलेला माणूस जमिनीवर येईपर्यंत पाऊण सेकंद लागतो. त्या वेळी त्याचा वेग ताशी २७-२८ किलोमीटर असतो. गल्लीत शिस्तीत चालणाऱ्या दुचाकीचा असतो तेवढा. हात पुढे करायलाही पुरता वेळ मिळत नाही.

स्वतःच्या पायावर उभी राहणारी, की टेकणारी?

दुकानात गेलं की पहिला प्रश्न असतो 'किती फुटी पाहिजे?' खरं तर तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की काम जिथे आहे तिथे शिडी टेकवायला पक्की, सपाट जागा आहे का?

पंखा पुसायचा, ट्यूब बदलायची, माळ्यावरचे डबे काढायचे, भिंतीवर ड्रिल मारायचं. या घरातल्या कामांना घोडा लागतो. घोडा म्हणजे इंग्रजी 'ए' अक्षरासारखी उघडणारी, चार पायांवर उभी राहणारी शिडी. पंख्याला शिडी टेकवता येत नाही आणि कपाटाच्या दाराला टेकवू नये, इतका हा साधा हिशेब आहे. घोड्याच्या दोन भागांना जोडणारी पट्टी किंवा कडी पूर्ण उघडून लॉक झाली पाहिजे. अर्धवट उघडलेला घोडा हा सगळ्यात फसवा प्रकार. उभा दिसतो, पण वजन पडलं की पाय आणखी फाकतात.

उलटही तितकंच घडतं. घोडा मिटवून भिंतीला टेकवायचा आणि साध्या शिडीसारखा वापरायचा. घोड्याचे पाय उघडलेल्या अवस्थेत जमिनीवर नीट बसतील अशा कोनात कापलेले असतात. मिटवून टेकवला की रबरी बुटाचा फक्त एक कोपरा जमिनीला लागतो. पकड तेवढीच उरते.

बाहेरची कामं, म्हणजे सज्जावर चढणं, गच्चीवरून जिन्याच्या खोलीच्या स्लॅबवर जाणं, विजेच्या खांबावरची केबल, दुकानाची पाटी, यांना टेकणारी शिडी लागते. सरळ एकसंध किंवा दोन भाग एकमेकांवर सरकवून लांब होणारी. घरात एकच शिडी घेऊन दोन्ही कामं उरकायचा मोह होतो आणि बाजारात दोन्हीसाठी चालणारी, बिजागऱ्यांची घडीची शिडीही मिळते. ती वाईट नसते. पण तिचं प्रत्येक बिजागर 'टक्' आवाज करून बसलं का, हे दर वेळी बघावं लागतं. घरात असा माणूस नसेल, तर दोन साध्या शिड्या बऱ्या.

सहा फुटी घोडा, पण उभं राहायचं चारच फुटांवर

घोड्याच्या सगळ्यात वरच्या टोकावर आणि त्याच्या खालच्या पायरीवर उभं राहायचं नसतं. कारण तिथे पुढे गुडघे किंवा मांड्या टेकवायला काहीच उरत नाही आणि तोल गेला की पकडायलाही काही नसतं. म्हणजे सहा फुटी घोड्यावर पाय ठेवायची शेवटची जागा साधारण चार फुटांवर येते. त्यावर साडेपाच फुटांचा माणूस उभा राहून हात वर केला की तो दहा फुटांच्या पुढे आरामात पोहोचतो. घेताना हा हिशेब करायचा. कामाच्या उंचीतून सहा-साडेसहा फूट वजा केले की उरते ती पाय ठेवायची उंची. त्यावर दोन फूट धरून घोडा घ्यायचा. वर प्लॅटफॉर्म आणि कमरेएवढा पकडायचा दांडा असलेला घोडा असेल, तर त्या प्लॅटफॉर्मवर उभं राहता येतं. अशा घोड्यांची मापं 'चार पायऱ्या, पाच पायऱ्या' अशी सांगतात. तिथे पायऱ्या न मोजता टेपने प्लॅटफॉर्मची उंची मोजावी, कारण पायऱ्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं नसतं.

या शहरात हा हिशेब घरागणिक बदलतो. सिडकोच्या एन-सेक्टरांमधल्या रो-हाऊसमध्ये छत नऊ-दहा फुटांवर असतं, तिथे पाच फुटी घोडा पुष्कळ झाला. गुलमंडी, शहागंज, पैठण गेटच्या बाजूच्या जुन्या वाड्यांमध्ये छतं कितीतरी उंच असतात. तिथे सिडकोतल्या पाहुण्यांचा घोडा मागून आणला तर शेवटच्या पायरीवर टाचा उंच करून उभं राहायची वेळ येते. वर स्टूल ठेवायचा, त्यावर डबा ठेवायचा, हे प्रकार दिवाळीच्या साफसफाईत अशाच घरांत होतात. शिडी लहान पडली की माणूस ती शिडी बदलत नाही, तिच्यावर आणखी काहीतरी रचतो.

चारास एक

टेकणाऱ्या शिडीचा एक जगभर वापरला जाणारा नियम आहे. शिडी जिथे वर टेकते ती उंची चार फूट असेल, तर तिचा पाय भिंतीपासून एक फूट. बारा फूट असेल तर तीन फूट. कोन काढला तर तो जवळपास ७५ अंशांचा येतो.

हा आकडा हवेतून आलेला नाही. शिडीवर माणूस चढला की शिडीचा पाय भिंतीपासून दूर सरकू पाहतो आणि त्याला फक्त जमिनीचं घर्षण धरून ठेवतं. सत्तर किलोचा माणूस शिडीच्या टोकापाशी आहे असं धरलं आणि शिडीचं स्वतःचं वजन सोडून दिलं, तर चारास एक कोनात पायाला बाहेर ढकलणारा जोर सुमारे साडेसतरा किलोचा असतो. तीच शिडी बारा फुटांना सहा फूट लांब ठेवली, तर तो जोर थेट ३५ किलो होतो. तिरपी शिडी चढायला सोपी वाटते, म्हणून लोक ती तिरपी ठेवतात. पण सोपी वाटते तितकी ती घसरायला तयार असते.

या गणितात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. माणूस शिडीच्या मध्यावर असताना हा जोर निम्मा असतो आणि वर जाऊ तसा वाढत जातो. म्हणूनच खालच्या दोन पायऱ्यांवर उड्या मारून 'पक्की आहे' असं ठरवण्याला काही अर्थ नाही. शिडी जेव्हा निसटते तेव्हा माणूस वर असतो.

कोन मोजायला टेप लागत नाही. शिडीच्या पायाला बुटाची टोकं लावून ताठ उभं राहायचं आणि दोन्ही हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करायचे. तळवे समोरच्या दांड्यावर अलगद टेकले, तर कोन बरोबर आहे. ज्यांना फोनशिवाय करमत नाही त्यांच्यासाठी अमेरिकेच्या 'नायोश' या सरकारी संस्थेचं शिडी सुरक्षेचं मोफत ॲपही आहे. फोन शिडीच्या खांबाला लावला की कोन बरोबर आहे की नाही हे ते सांगतं.

मग गुंठेवारीतल्या गल्लीत काय करायचं? तिथे समोरासमोरच्या घरांमध्ये जेमतेम दुचाकी जाईल इतकी जागा असते. सोळा फुटांवर चढायला पाय चार फूट लांब ठेवायचा, तर तो शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर येतो. म्हणून शिडी उभीच ठेवली जाते. उभी शिडी पायाशी सरकत नाही, ती माणसासकट मागे येते. अशा ठिकाणी शिडीचं वरचं टोक खिडकीच्या गजाला किंवा पक्क्या हुकाला दोरीने बांधणं हाच उपाय. बांधायला कुणी वर जायचं, हा प्रश्न येतोच. तर आतून, गच्चीवरून बांधायचं. तेही शक्य नसेल तर ते काम त्या शिडीचं नाही.

शिडीवरून दुसऱ्या पातळीवर पाऊल टाकायचं असेल, उदाहरणार्थ जिन्याच्या खोलीच्या स्लॅबवर, तर शिडी त्या स्लॅबच्या वर तीन फूट यायला हवी. ते वरचे तीन फूट चढण्यासाठी नसतात, उतरताना पकडण्यासाठी असतात. चढताना फारशी अडचण येत नाही. स्लॅबवरून पाठमोरं होऊन, न दिसणारा पहिला दांडा पायाने चाचपडत शोधताना येते.

शिडी आणि उंचीचं नातं या परिसराला जुनंच ठाऊक आहे. शहराबाहेरच्या देवगिरी किल्ल्याचा डोंगर खालून सुमारे ५० मीटर सरळ उभा तासलेला आहे, तो कुणी वर चढून येऊ नये म्हणूनच. त्या कड्याला लावायला शिडी कुठून आणणार? बाजारातल्या सरकत्या शिड्या उघडल्या तरी त्याच्या पाव उंचीला जेमतेम पोहोचतील.

बांबू, ॲल्युमिनियम, लोखंड, फायबर

बांबूची शिडी अजूनही मंडपवाले, रंगारी आणि गवंड्यांच्या हातात दिसते. स्वस्त आहे, हलकी आहे, बुरूड कारागीर ती हव्या त्या लांबीची करून देतात. तिचं मरण आतून येतं. कीड लागली की बांबूतून पिठासारखा भुसा पडतो, उन्हात उभ्या चिरा जातात, दांडे बांधलेली तार किंवा सुतळी सैल होते. घेताना आणि दर वेळी वापरताना शिडी आडवी ठेवून प्रत्येक दांडा हाताने पिळून बघावा. फिरला तर ती शिडी नको. लाकडी किंवा बांबूच्या शिडीला ऑइलपेंट मारून ती 'नवी' करू नये. रंगाखाली चीर दिसत नाही.

ॲल्युमिनियमची शिडी घरासाठी बहुतेकांना सोयीची. गंजत नाही, एका माणसाला उचलता येते. पण तिला एक अट आहे आणि ती अट जिवाची आहे. ॲल्युमिनियममधून वीज उत्तम वाहते.

शहरातल्या कितीतरी घरांच्या बाजूने, काही ठिकाणी तर गच्चीला लागून, ११ केव्हीच्या वाहिन्या जातात. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या नियमांनुसार अशी वाहिनी इमारतीपासून आडवी किमान १.२ मीटर आणि वरून जात असेल तर किमान ३.७ मीटर दूर हवी. पण घरावर एक मजला चढला, गॅलरी पुढे आली की हे अंतर कमी होतं. आता १२ फुटी ॲल्युमिनियमची शिडी गच्चीवर आडवी नेताना वळवली, तर तिचं टोक कुठे जाईल याचा विचार करा. लागतं ते फक्त एक वळण. उच्च दाबाच्या तारेला शिडी प्रत्यक्ष टेकायचीही गरज नसते, पुरेशी जवळ गेली तरी मधल्या हवेतून ठिणगी उडू शकते. गणपतीत आणि दिवाळीत लायटिंगच्या माळा सोडताना, कोपऱ्यावर फ्लेक्स लावताना नेमकं हेच होतं. तारांच्या आसपास धातूची शिडी उभी करायचीच नाही. तार खाली लोंबत असेल, तर १९१२ वर महावितरणला कळवायचं, बांबूने ती बाजूला करून काम उरकायचं नाही. ओला बांबूही वीज सोडतो.

इलेक्ट्रिशियनसाठी म्हणून फायबरग्लासची शिडी असते, दुकानात तिला एफआरपी म्हणतात. बहुतेक वेळा पिवळ्या किंवा नारिंगी खांबांची. कोरडी आणि स्वच्छ असेल तर तिच्यातून वीज वाहत नाही. ॲल्युमिनियमपेक्षा महाग आणि जड. घरी वर्षातून चारदा पंखा पुसणाऱ्याला तिची गरज नाही. पण रोज विजेचं काम करणाऱ्याने ॲल्युमिनियमवर चार पैसे वाचवणं म्हणजे टेस्टर विकून चहा पिण्यासारखं आहे. एवढंच की ही शिडी मराठवाड्याच्या उन्हात कायम बाहेर ठेवू नये. वरचा थर उडून काचेचे तंतू बाहेर येऊ लागले, हाताला खाज सुटू लागली, की तिचे दिवस भरत आले असं समजावं.

लोखंडी शिडी चिकलठाणा-वाळूजच्या बाजूला कुठलाही फॅब्रिकेशनवाला दिवसभरात वेल्डिंग करून देतो. ती उचलून फिरवायची असेल तर नको. एका जागी कायमची बसवायची असेल तर तिच्यासारखी दुसरी नाही. ते पुढे येईलच.

स्टिकरवरचे आकडे

ऑनलाइन शिडी घेताना 'कपॅसिटी १५० किलो' असं लिहिलेलं दिसतं. तो आकडा म्हणजे एकट्या माणसाचं वजन नव्हे. माणूस, त्याचे बूट, कमरेचा हत्यारांचा पट्टा, हातातलं सामान, सगळं मिळून. रंगाचा २० लिटरचा भरलेला डबा २५ किलोहून जड असतो. ८५ किलोचा रंगारी तो घेऊन चढला की ११० किलोच्या पुढे गेलाच.

युरोपचं मानक ईएन १३१ असं लिहिलेलं असतं. २०१८ पासून त्यात सगळ्या शिड्यांना १५० किलो हीच मर्यादा आहे, पण रोजच्या धंद्यासाठीची आणि घरगुती असे दोन वेगळे वर्ग आहेत. अमेरिकी शिड्यांवर 'टाइप' लिहितात. टाइप ३ म्हणजे सुमारे ९० किलो, टाइप २ म्हणजे १०२, टाइप १ म्हणजे ११३, टाइप १ए म्हणजे १३६. गंमत अशी की इथे आकडा मोठा तशी शिडी कमजोर, त्यामुळे 'टाइप ३' वाचून खूश होऊ नका. भारतात शिड्यांच्या सुरक्षिततेसाठी आयएस ३६९६ भाग २ ही संहिता आहे. बाजारातल्या पुष्कळ शिड्यांवर मात्र कसलाच शिक्का नसतो, नुसतं 'हेवी ड्युटी' छापलेलं असतं. त्या दोन शब्दांमागे किलोचा आकडा नसेल, तर त्यांना अर्थ नाही.

दुकानात जाऊनच घेणार असाल तर घोडा उघडून दुसऱ्या पायरीवर उभं राहा आणि कंबर डावी-उजवी हलवा. थोडं लवचिक वाटणं ठीक. पण एक पाय जमिनीवरून उचलला जात असेल, पायरीचा रिव्हेट हलत असेल, रबरी बूट नुसते अडकवलेले असतील, तर पुढची शिडी बघा. सरकवून छोट्या होणाऱ्या टेलिस्कोपिक शिड्या रील्समध्ये फार भारी दिसतात. गाडीच्या डिकीत मावतात हा त्यांचा खरा गुण. पण त्यांच्या प्रत्येक दांड्याला वेगळं लॉक असतं. धूळ-सिमेंटच्या कामात ते अडकतं, आणि मिटवताना दांडे धडाधड खाली येऊन बोटं चेंगरतात. सीसीटीव्ही बसवणाऱ्याला त्या सोयीच्या, गवंड्याला नाहीत.

काम किती वेळ चालणार?

हा प्रश्न धंद्यातल्या माणसासाठी सगळ्यात मोठा. ब्रिटनची 'हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह' ही सरकारी यंत्रणा सांगते की एका जागी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागणार असेल, तर टेकणारी शिडी किंवा घोडा सोडून दुसरं साधन बघा. कारण सोपं आहे. पायाच्या तळव्याखाली एक दांडा, एक हात कायम पकडीत, आणि पोटऱ्या भरून आल्या की माणूस नकळत एका पायावर वजन टाकतो.

रंगारी एका खोलीत दोन-दोन दिवस असतो. त्याने घोड्यावर बसूनच घोडा पायांनी 'चालवत' पुढे न्यायचा, ही कसरत कितीही सराईत वाटली तरी घोडा त्यासाठी बनलेला नाही. त्याला बुटकी, चाकांना ब्रेक असलेली परांची किंवा दोन भक्कम घोड्यांवर टाकलेली रुंद फळी लागते. सेंट्रिंगचं सामान भाड्याने देणाऱ्यांकडे हे मिळतं. बाहेरच्या भिंतीच्या रंगाला तर शिडी हे साधनच नाही. घरमालकाने कोटेशन घेताना 'परांचीचे पैसे वेगळे का?' म्हणून घासाघीस केली की तो खर्च कापला जातो आणि त्या जागी शिडी येते. म्हणजे ती शिडी घरमालकानेही निवडलेली असते.

एसी बसवणाऱ्यांचा प्रकार वेगळा. दीड टनी एसीचं बाहेरचं युनिट तीसेक किलोचं असतं. ते खांद्यावर घेऊन शिडी चढताना दोन्ही हात पकडीत राहूच शकत नाहीत. शिडीवर दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार कायम हवेत. म्हणून सामान दोरीने वर ओढायचं, हत्यारं पट्ट्यात ठेवायची.

आता घराघरांत सोलर आलं आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळत असल्याने गच्च्यांवर पॅनेल चढली. खाली वावर राहावा म्हणून ती आठ-दहा फूट उंच सांगाड्यावर बसवली जातात, आणि धूळ बसली की धुवावी लागतात. पुन्हा शिडी, पुन्हा पाणी, पुन्हा कठडा. इथे शिडी पॅनेलच्या काचेला किंवा चौकटीला टेकवायची नाही. लांब दांड्याचा ब्रश आणि पाइप घेऊन खालूनच, सकाळी काच थंड असताना धुतलं तर शिडी लागतच नाही.

टाकीचं काय करायचं?

टाकीसाठी चांगली शिडी घेण्याआधी वर जाण्याच्या फेऱ्या कमी करता येतात का ते बघावं. पाण्याची पातळी खाली दाखवणारा इंडिकेटर, टाकी भरली की आपोआप मोटार बंद करणारा सेन्सर, नळाच्या लाइनला बॉल कॉक. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनचं एका दिवसाचं काम. मग रात्री बारा वाजता बॅटरी तोंडात धरून वर जायची वेळ येत नाही.

तरीही टाकी धुवायला चढावं लागेलच. त्यासाठी जिन्याच्या खोलीच्या भिंतीवर कायमची लोखंडी शिडी बसवून घ्यावी. फॅब्रिकेशनवाल्याला चार मापं द्यायची. दांड्यांमध्ये दहा ते बारा इंच अंतर, सगळं सारखं. दांडे आणि भिंत यांच्यात किमान सात इंच, नाहीतर पंजा पूर्ण आत जात नाही आणि माणूस बोटांवर चढतो. दोन्ही बाजूचे खांब स्लॅबच्या वर साडेतीन फूट, पकडायला. आणि जागा कठड्यापासून दूर, गच्चीच्या आतल्या बाजूला. शेवटचं माप सांगितलं नाही तर कामगार त्याला वेल्डिंगला सोपी पडते ती, म्हणजे बहुधा बाहेरच्या कोपऱ्याची भिंत निवडतो. घरात लहान मुलं असतील तर खालचे चार-पाच दांडे झाकणारा पत्रा कुलूप लावून बसवून घ्यावा.

ते होईपर्यंत टेकणारी शिडी लागली तर ती स्लॅबच्या काठाला टेकवावी, टाकीला नाही, पीव्हीसी पाइपला तर नाहीच. खाली गोणपाट किंवा पायपुसणं घालू नये, ते शिडीसकट सरकतं. ओली फरशी आधी कोरडी करावी. आणि खाली धरणाऱ्याने समोर उभं राहून, दोन्ही हातांनी खांब धरून, एक पाय खालच्या दांड्यावर ठेवावा.

पडलाच कुणी आणि मान किंवा पाठ दुखतेय म्हणाला, हातापायाला मुंग्या येतायत म्हणाला, तर त्याला उचलून बसवू नये, पाणी पाजू नये. आहे तसं स्थिर ठेवून १०८ ला फोन करावा. आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया बगलेत हात घालून उभं करायची असते. मणक्याला इजा असेल तर तेवढ्यानेच ती वाढते.

राहिली घरातली जुनी शिडी. ती जिन्याखाली उभी न ठेवता भिंतीवर दोन-तीन हुकांवर आडवी टांगली, की वाकत नाही आणि मुलंही चढत नाहीत. रबरी बूट झिजले असतील तर ते बदलून मिळतात. खांब वाकला असेल, पायरी तडकली असेल, तर मात्र ती ठोकून-बांधून वापरू नये आणि कामवाल्याला 'घेऊन जा, तुमच्या कामाला येईल' म्हणून देऊही नये. भंगारवाल्याला देतानाही आधी करवतीने मधोमध दोन तुकडे करावेत. अख्खी दिली तर दुसऱ्या दिवशी ती कुणाच्या तरी टाकीला टेकलेली असते.